दाजी, वायरलेसचा वाद राहिला

दाजी,

मंडळाच्या अंकात तुमच्यावर चार ओळी येणार आहेत. जन्म मिरजेचा, शिक्षण सांगलीचं, एडमंटनात इन्स्ट्रुमेंटेशन इंजिनिअर, गणपतीच्या आराशीचं वायरिंग दरवर्षी तुमच्याकडे. सगळं खरं आहे. खेळाचा उल्लेख मात्र नाही. अंक काढणाऱ्या काकूंना मी फोनवर सांगायचा प्रयत्न केला, की आमचे दाजी दर रविवारी दुपारी बेसमेंटमध्ये आम्हाला भविष्यातल्या एका शहरात घेऊन जायचे, तिथे माणसांच्या अंगात यंत्रं बसवलेली असतात, आणि आम्ही फासे टाकून त्या शहरात चोऱ्या करायचो. काकूंनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "छंद वाचन, असं लिहिते."

म्हणून हे वेगळं लिहितोय. यातलं बरंचसं तुम्हाला माहीत आहे. पण तुम्ही गेल्यावर एका रविवारी जे झालं ते माहीत नाही, आणि त्या दिवशी तुमच्या एका नियमाचा निकाल लागला. निकाल तुम्हाला कळवायला हवा. तो ऐकायला तुम्ही थांबायला हवं होतं, पण ते असो.

खेळाचं ते जाडजूड पुस्तक तुमच्या प्लांटमधल्या कुणीतरी रिटायर होताना तुम्हाला दिलं होतं. दुसऱ्या कुणी ते गोष्टीच्या पुस्तकासारखं वाचलं असतं. तुम्ही ते मशीनच्या मॅन्युअलसारखं वाचलंत, पेन्सिल हातात घेऊन, आणि आम्हाला बोलावून सांगितलंत, "शहर चांगलं आहे. पण ह्या लोकांना नेटवर्किंग कळत नाही." तेव्हापासून तुम्ही गोष्ट सांगणारे आणि आम्ही तिघं त्या गोष्टीतली माणसं. मी रणगाडा, म्हणजे लोखंडी हाताचा बाउन्सर. अक्का डॉक्टरीण, जिला आमच्या सगळ्यांची नाडी डोळ्यांसमोरच्या एका पट्टीवर दिसायची. आणि तुमची ईशा हॅकर. ती खरी हॅलिफॅक्सला, हॉस्पिटलात नर्स. तिला लॅपटॉपमधून टेबलाच्या टोकाला बसवायचो, मागे लोणच्याच्या बरणीचा टेकू देऊन.

आता पुस्तकातले हॅकिंगचे नियम. पहिल्या रविवारी ईशानं एका कंपनीच्या तिजोरीचं कुलूप हॅक करायला घेतलं, तर ते दुपारभर चाललं. ती फासे टाकते, तुम्ही पान उलटता, ती पुन्हा टाकते. रणगाडा आणि डॉक्टरीण गल्लीत उभे. शेवटी आम्ही दोघं वर जाऊन कांदाभजी तळून आलो, तरी कुलूप तिथंच. अक्कानं ताटली ठेवली आणि म्हणाली, "बापलेकीचं एवढं खासगी असेल तर फोनवर बोला की."

त्यातून आपल्या घरचा पहिला नियम झाला. हॅकरनं एकदा फासे टाकायचे, तेवढ्यात बाकीच्यांनी एकेक काम करायचं, आणि हॅकरला त्याच इमारतीत हजर राहावं लागेल, म्हणजे कुत्री सुटली तर तिलाही चावतील. ईशा म्हणाली हे अनफेअर आहे. तुम्ही म्हणालात, "वर्क फ्रॉम होमचे दिवस संपले बाळा."

दुसरा नियम वायरलेसचा. त्या पुस्तकात प्रत्येक वस्तूला वायरलेस. बंदुकीला, बुटाला, सुरीलासुद्धा. ते चालू ठेवलं की वस्तू जरा जास्त चांगली चालते, पण मग शत्रूचा हॅकरही त्यात घुसू शकतो. तुम्हाला सुरीचा राग आला होता. खरोखरचा राग. "सुरीला कुणाला काय सांगायचंय?" असं विचारत तुम्ही बेसमेंटभर फिरलात. आणि मग नियम केलात, की ज्या वस्तूला कुणाला तरी काही सांगायचं आहे, तिलाच वायरलेसचा फायदा मिळेल. चष्मा काय बघतो ते सांगतो, नाडीचं यंत्र नाडी सांगतं, त्यांना फायदा. बूट आणि सुरीनं गप आपलं काम करावं.

तिसरा नियम माझ्यामुळे. मी दिवसभर सरकारी ऑफिसात लोकांना "बंद करून परत चालू करा" असं सांगणारा माणूस. एका दरोड्यात शत्रूच्या हॅकरनं माझा लोखंडी हात ताब्यात घेतला आणि त्या हातानं मी आपलीच पळायची गाडी ठोकून काढली, बॉनेटपासून डिकीपर्यंत. अक्का डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसली. पुस्तकाप्रमाणे तो हात कायमचा बाद. तुम्ही म्हणालात, असं कुठं असतं का, आमच्या मेव्हण्याच्या धंद्याचा अपमान आहे हा. एक डाव खर्च करायचा, हात बंद करून चालू करायचा, झालं. हा एकच नियम असा, की जो मला समजावून सांगावा लागला नाही.

पण त्या गाडीनंतर मी रणगाड्याचं वायरलेस बंद करून टाकलं. हात बंद, चष्मा बंद, नाडीचं यंत्र बंद. मला कुणी हात लावू शकत नाही, अशा रुबाबात बसलो. पुढच्या रविवारी बाकी सगळ्यांना निरोप गेला की भेटायची जागा बदलली आहे. मला गेला नाही. रणगाडा एका चुकीच्या गच्चीवर उभा. मी विचारलं, मला कसं कळणार? तुम्ही म्हणालात, "बंद आहेस ना? मग कसं कळणार." इकडे दोघींनी बँक फोडली, तिकडे मी गच्चीवर. चहाच्या वेळेला अक्कानं मला लसूण सोलायला दिला. तिचं म्हणणं, रिकामा बसलाच आहेस.

तुम्ही वाद कधी आवाज चढवून जिंकला नाहीत. त्यासाठी तुमच्या घरची ती पद्धत होती, बाजू बदलायची. एखाद्या नियमावर दोघांचं पटलं नाही, की दोघांनी एकमेकांच्या बाजूनं बोलायचं. मला नियम नको असेल तर तो का हवा हे मी मांडायचं, आणि तुम्ही माझ्याकडून बोलायचं. जे वादात नाहीत त्यांनी निकाल द्यायचा. ही पद्धत खेळाच्या फार आधीची. कॅनडात आल्यावर कुठं राहायचं यावर तुमचं आणि अक्काचं अडलं होतं. तिला ग्वेल्फ हवं होतं, तिची मैत्रीण तिथं होती, थंडी कमी होती. तुम्हाला एडमंटनची नोकरी. तुम्ही बाजू बदलल्या, आणि अक्का एडमंटनच्या बाजूनं इतकं झकास बोलली की तुम्ही दोघं सामान घेऊन इकडे आलात. दर हिवाळ्यात ड्राइव्हवेवरचा बर्फ शोव्हल करताना ती हे सांगायची. आयुष्यात एकच खटला जिंकले आणि तो विरुद्ध पार्टीचा, असं.

मला ही पद्धत आवडायची नाही. कारण तुम्ही माझी बाजू माझ्यापेक्षा चांगली मांडायचात. मी पाच मिनिटं हातवारे करून जे सांगायचो ते तुम्ही एका वाक्यात सांगून मोकळे, आणि मग मला वाटायचं, अरे, माझं म्हणणं एवढं चांगलं होतं होय.

तुमची श्रवणयंत्रं आली त्या हिवाळ्याचं लिहू का? लिहितोच. ती फोनला जोडलेली होती, हे आम्हाला माहीत नव्हतं. त्या रविवारी ईशा लॅपटॉपवर नव्हती, तिची ड्यूटी होती असं आपण धरलं होतं. आम्ही एका कारखान्यात शिरलेलो. तुम्ही एकदम मान वर केलीत आणि कुणाकडेच न बघता शांतपणे म्हणालात, "तीन शिट्ट्या झाल्या की गॅस बंद कर." मी आणि अक्कानं एकमेकांकडे बघितलं. अक्का हळूच म्हणाली, मास्क घाल. मी मास्क घातला. तुम्ही म्हणालात, "झाकण लगेच उघडू नकोस. वाफ जाऊ दे." आम्ही दोघं कारखान्यातून पळत बाहेर आलो, अर्धा माल तिथंच टाकून. मग कळलं की हॅलिफॅक्सला संध्याकाळ झाली होती, ईशा ड्यूटीवरून घरी येऊन वरण लावत होती, आणि तिचा फोन थेट तुमच्या कानात आला होता. तुम्ही निकाल दिलात की टाकलेला माल परत मिळणार नाही. वर म्हणालात, नाहीतरी तुम्ही छान पळालात.

त्याच श्रवणयंत्रांचा दुसरा उपयोग तुम्ही अक्का बोलायला लागली की करायचात. बोट कानामागे जायचं, आणि चेहऱ्यावर बुद्धासारखी शांती. म्हणजे खेळात मी बंद ठेवलं तर गच्चीवर उभा, आणि घरात तुम्ही बंद ठेवलं तर शांती. हा मुद्दा मी एकदा काढला होता. तुम्ही म्हणालात, "मी बंद करतो ते तिला दिसतं. तिला कळतं की आता ह्याला ऐकू येत नाही. म्हणून तर ती जोरात बोलते." तेव्हा मी हसलो आणि विसरलो.

आता तो शेवटचा वाद.

तुमचा चौथा नियम असा होता, की आपल्या टोळीतल्या माणसाचं बंद यंत्र टोळीतला हॅकर बाहेरून चालू करू शकतो. त्याला न विचारता. शत्रू नाही करू शकत, आपला माणूस करू शकतो. याला मी पहिल्यापासून विरोध केला. बंद म्हणजे बंद, असं माझं म्हणणं. दाराला आतून कडी लावली तर घरच्यांनीही ठोठावावं, कडी काढू नये. तुम्ही उत्तर दिलंत ते प्लांटमधलं होतं. प्लांटमध्ये एखादा सेन्सर बोलायचा थांबला तर तो ठीक आहे असं मी धरत नाही, म्हणालात. गप्प सेन्सर म्हणजे बिघडलेला सेन्सर. आधी माणूस पाठवायचा, मग चौकशी. नियम तसाच राहिला, पण वापरायची वेळ कधी आली नव्हती.

ती जानेवारीच्या शेवटी आली. गोदामात गोळीबार झाला, रणगाडा एका खोक्यामागे पडला. किती लागलंय ते तुम्ही मला चिठ्ठीवर लिहून दिलंत आणि मी चिठ्ठी तळहाताखाली ठेवली. खूप लागलं होतं. डॉक्टरणीच्या पट्टीवर माझ्या नावापुढे नुसती रेघ, कारण मी बंद. अक्का विचारते, बरा आहेस ना रे संज्या? मी म्हणालो, मजेत. लॅपटॉपमधून ईशा म्हणाली, "मामा खोटं बोलतोय. मी त्याला ओपन करते." आणि फासे उचलले. मी हरकत घेतली. चौथ्या नियमावर हरकत. म्हणजे बाजू बदलायची वेळ.

मी तुमच्या बाजूनं बोललो. सेन्सरचं सगळं सांगितलं, तुमच्याइतकं नाही जमलं. मग तुमची पाळी आली, माझ्या बाजूनं बोलायची. बंद राहण्याचा हक्क. तुम्ही चष्मा काढून टेबलावर ठेवलात. फाशांकडे बघत बसलात. आम्हाला वाटलं, वाक्य जुळवताहेत. मग म्हणालात, "आज नको. पुढच्या रविवारी मांडतो. चांगली बाजू आहे तुझी, मेव्हणं. तुला ती कधी नीट सांगता आली नाही."

अक्का म्हणाली, हरायला लागले की ह्यांना पुढचा रविवार आठवतो. सगळे हसलो. तुम्हीसुद्धा.

पुढच्या रविवारी तुम्ही हॉस्पिटलात होतात. त्याच्या पुढच्या रविवारीही. मी यायचो आणि शेजारी बसायचो. तुमची श्रवणयंत्रं कपाटातल्या पिशवीत होती. तुम्हाला काही ऐकू जात नाही हे माहीत असून मी बोलत राहायचो, आणि काय बोलायचो, तर पार्किंग किती लांब मिळालं. विंटर टायर्स यंदा उशिरा बदलले. दाजी, माणसाला मोकळं रान मिळतं, समोरचा ऐकत नाहीये, आता मनातलं सगळं बोलून घ्यावं, आणि माझ्या मनात टायर. एकदा मी म्हणालो की तुम्ही होतात म्हणून ह्या देशात मला वडीलधारं कुणी नाही असं कधी वाटलं नाही. नेमकं तेव्हा तुम्ही डोळे उघडलेत आणि विचारलंत, "काय?" मी म्हणालो, पार्किंग लांब मिळालं.

तुम्ही गेलात त्या दिवशी हॉस्पिटलातल्या डॉक्टरीणबाई अक्काशी फार चांगलं बोलल्या. तुम्ही शांतपणे गेलात म्हणाल्या. आणि सांत्वन म्हणूनच म्हणाल्या, की फॉलमध्ये निदान झालं तेव्हापासून ते किती धीरानं राहिले, उपचार नकोत हे ठरवताना त्यांनी किती नीट विचार केला. त्यांना वाटलं अक्काला ठाऊक आहे. अक्कानं ठाऊक असल्यासारखी मान हलवली. तिच्या मागे ईशा उभी होती, हॅलिफॅक्सहून आदल्या दिवशी आलेली. तिनं मान हलवली नाही.

फॉलपासून. म्हणजे दसऱ्याला तुम्ही पोटाला बरं नाही म्हणून श्रीखंड खाल्लं नाहीत तेव्हा. दिवाळीत पायऱ्यांवर थांबून बर्फ बघतोय म्हणालात तेव्हा. त्या सगळ्या रविवारी तुम्ही आमच्यासमोर बसून आमच्या जखमा फाशांनी मोजत होतात.

दिवसकार्य होईपर्यंत घरात माणसं होती, त्यामुळे बरं होतं. मग माणसं गेली. ईशा रडत नव्हती. ती भांडी घासायची. डिशवॉशर असताना. एकदा मी पुसायला उभा राहिलो तर म्हणाली, "ही वेंट डार्क, मामा. बंद करून घेतलं स्वतःला, आमच्यापासून. मी नर्स आहे. दर रविवारी त्यांचा चेहरा मला स्क्रीनवर दिसत होता, आणि मी बघितलं नाही, कारण ते म्हणायचे कॅमेरा खराब आहे." तिचं मराठी एरवी अर्धं इंग्रजी असतं. रागात ते शुद्ध होतं. "मला कधीच कळू द्यायचं नव्हतं त्यांना. मी हे माफ करणार नाही. तू मला समजावू नकोस."

मी समजावलं नाही. मला येतही नाही. मी ताटली पुसत राहिलो, ती कोरडी झाल्यावरही.

सोमवारी तिचं हॅलिफॅक्सचं विमान होतं. ती ही गाठ तशीच घेऊन जाणार, हे अक्काला दिसत होतं. एकदा ती तिथे गेली, कामाला लागली, की तुमचा विषय निघाला रे निघाला की फोन ठेवणार. मग बापाचं नाव घरात काढायची चोरी. अक्का मला म्हणाली, "नवरा गेला, तो जायचाच होता. पण पोरीचा बाप तरी राहू दे की." आणि रविवारी दुपारी तिनं बेसमेंटमध्ये टेबल मांडलं.

ईशा जिन्यात उभी राहूनच म्हणाली की ती खेळणार नाही. खेळ संपलाय. अक्का म्हणाली, संपलाय कसा, तुझा मामा खोक्यामागे पडलाय. मग मला तुमच्या खुर्चीत बसवलं. तुम्ही बारीक, तुमची ती उशी माझ्याखाली कशीबशी पुरते. समोर मी गोष्ट सांगणारा, आणि गोष्टीत मीच जमिनीवर पडलेला. असला प्रसंग पुस्तकात नाही. आणि तुमचे नियम तुम्ही कुठेही लिहून ठेवलेले नाहीत, सगळे डोक्यात, सगळे बरोबर घेऊन गेलात.

ईशा खाली आली. पहिल्यांदाच लॅपटॉपशिवाय, खरीखुरी, लोणच्याच्या बरणीच्या जागी. बसली आणि म्हणाली, "आधी नियम ठरवा. मी त्याला ओपन करू शकते की नाही? बाबांचा नियम आहे, करू शकते. मी करणार."

मी म्हणालो, माझी हरकत आहे.

आणि म्हणालो तेव्हा खरंच मला एवढंच म्हणायचं होतं. मी फक्त जुना हट्ट चालवत होतो, कारण दुसरं काय करावं सुचत नव्हतं. पण अक्का शांतपणे म्हणाली, "मग बाजू बदला. संज्याचं बोलून झालंय मागेच. राहिलंय ते ह्यांचं." ती ईशाकडे वळली. "ते आता ईशा बोलेल."

दाजी, तुम्ही असता तर तुम्हाला दिसलं असतं. ईशाचा चेहरा असा झाला की जणू कुणीतरी तिच्या यंत्रात घुसलंय. ती म्हणाली, नो. मग म्हणाली, आई, दिस इज नॉट फेअर. अक्का म्हणाली, पद्धत आहे घरची. मी ग्वेल्फ सोडून इथं आले ह्या पद्धतीपायी.

मग ईशा टेबलाकडे बघत बोलायला लागली. आधी वकिलासारखं, कोरडं. यंत्र ज्याच्या अंगात आहे त्याचं आहे. टोळीचं नाही. मग म्हणाली, वॉर्डात ती रोज बघते, एकदा माणसाची फाइल उघडली की सगळे त्याच्याशी फाइलसारखं बोलतात. त्याची बायको, त्याची मुलं. आवाज बदलतो. जोक करायचे बंद करतात. त्याच्याशी भांडत नाहीत. "त्याच्याशी कुणी भांडत नाही, मामा," असं ती पुन्हा म्हणाली, आणि तिथं तिचं कोरडेपण गेलं.

"ज्याला माहीत आहे की आता थोडेच रविवार राहिलेत," ती म्हणाली, "त्याला असं वाटू शकतं की ते रविवारसारखेच जावेत. मी त्याला ओपन केलं असतं तर मी पहिल्या विमानानं आले असते. मी रोज त्याचं बीपी घेतलं असतं. तो मला हॅकर म्हणाला नसता, मी त्याला अनफेअर म्हणाले नसते. बंद राहणं त्याचा हक्क होता." मग ती म्हणाली, "बाजू संपली," आणि डोकं टेबलावर ठेवून रडायला लागली.

तुम्ही पुढच्या रविवारी जे मांडणार होतात ते हेच होतं का, मला माहीत नाही. तुम्ही कदाचित एका वाक्यात सांगितलं असतं. पण माझी बाजू इतकी चांगली आहे हे मला पुन्हा एकदा दुसऱ्याकडूनच कळलं.

अक्कानं तिच्या पाठीवर हात ठेवला. मग निकाल दिला. निकाल देताना ती तुमच्यासारखी चष्मा वगैरे काढत नाही, भाजी निवडल्यासारखा देते. म्हणाली, बंद म्हणजे बंद. आपल्या माणसानंही बाहेरून उघडायचं नाही. चौथा नियम रद्द. पण जो बंद आहे त्यानं तोंडानं सांगायचं, की मी बंद आहे. काय झालंय ते नको सांगू. पण मजेत आहे असं म्हणायचं नाही. जखम झाकायची मुभा आहे, झाकलीय हे झाकायची नाही. आता आपल्या घरात असंच.

ईशानं तोंड पुसलं आणि विचारलं, मग आता काय? मी म्हणालो, नव्या नियमानं रणगाड्याला सांगावं लागेल. तो बंद आहे, आणि मजेत नाहीये.

"आणि?" ईशा म्हणाली.

मी चिठ्ठी काढली. तुमच्या अक्षरातला तो आकडा. तळहाताखाली ठेवून ठेवून मऊ झाला होता कागद. मी म्हणालो, तो चालू करतोय. आपणहून. आणि आकडा वाचला.

अक्कानं तिच्या समोरच्या कागदावर, माझ्या नावापुढच्या रेघेवर, तो लिहिला. लिहून झाल्यावर त्याच्याकडे बघत राहिली. "एवढं?" ती म्हणाली. "एवढं लागलं होतं आणि बोलला नाहीस?"

ती माझ्याशी बोलत नव्हती, हे ईशालाही कळलं. कुणीतरी उत्तर द्यायला हवं होतं, आणि खुर्चीत मी होतो. तेव्हा न सांगता मी तुमच्या बाजूनं बोललो. "बोलायचं होतं गं," मी म्हणालो. "पण डाव मोडला असता."

अक्कानं फासे उचलून हातात घोळवले. "मोडला असता तर परत मांडला असता की," ती म्हणाली, आणि माझी जखम शिवायला टाकले.

दाजी, यावर तुमची बाजू मी पुढच्या रविवारी मांडतो.